अजनी स्टेशनजवळ किरायाने राहायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर एप्रिल-मेमध्ये माझा फोन वाजायला लागतो. कोणाच्या पोरीला मेडिकलजवळ (म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज आणि हॉस्पिटल) खोली हवी असते, कोणाची बदली झालेली असते, कोणी वर्ध्याहून अप-डाऊन करून वैतागलेला असतो. मी स्वतः दोन वर्षं वर्धा-नागपूर अप-डाऊन केलं, मग अजनीच्या पूर्वेला खोली घेतली आणि तेव्हापासून याच भागात तीन घरं बदलली. नवरा बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला, मी सीताबर्डीला. तेच तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाचं लिहून ठेवते आहे. मी दलाल नाही, त्यामुळे कोणतं घर रिकामं आहे हे मला विचारू नका.

अजनी म्हणजे नेमका कोणता भाग?

नागपूरच्या मोठ्या स्टेशनावरून वर्ध्याच्या दिशेने निघालं की तीनेक किलोमीटरवर अजनी लागतं. रुळांच्या अलीकडे एक शहर आणि पलीकडे दुसरं, असाच मामला आहे. पश्चिमेला धंतोली, काँग्रेसनगर आणि पुढे वर्धा रोड. तिकडे हॉस्पिटलं, जुने बंगले, त्यांच्या जागी उभे राहिलेले फ्लॅट, आणि किरायाही त्याच तोऱ्याचा. पूर्वेला रेल्वे कॉलनी, मेडिकल, मग चंदननगर, हनुमाननगर, कुंजीलालपेठ, चंद्रमणीनगर, बाबुलखेडा, कौशल्यानगर, पार्वतीनगर, रामेश्वरी. लोक 'अजनीकडे स्वस्त मिळते' म्हणतात ते या पट्ट्याबद्दल. पुढचं सगळं मी याच बाजूचं सांगते आहे.

जाहिरातीत 'अजनी मेट्रोपासून पाच मिनिटं' लिहिलं आहे. म्हणजे रेल्वे स्टेशनही जवळच ना?

नाही हो. इथे दर वर्षी नवीन माणूस फसतो. 'अजनी चौक' हे मेट्रो स्टेशन वर्धा रोडवर आहे. अजनीच्या रेल्वे स्टेशनाला जवळ पडतं ते 'काँग्रेसनगर' मेट्रो स्टेशन. दोन्ही ऑरेंज लाईनवरच, मध्ये फक्त रहाटे कॉलनी, पण सामान घेऊन चालायची वेळ आली की तेवढं अंतर चांगलं कळतं. दलालाला विचारताना 'कोणतं अजनी' असंच विचारा, आणि शक्य असेल तर नकाशावर घराचा पिन मागा.

किराया किती पडतो?

पक्का आकडा मी देणार नाही, कारण एकाच गल्लीत दोन घरांच्या किरायात दोन हजारांचा फरक पाहिला आहे. माझं सांगते. पहिली वन आरके साडेतीन हजारांत होती, वर टिनाचं शेड आणि संडास सामाईक. आता वन बीएचकेचे आठ हजार देते, पहिला माळा, वर अजून एक माळा असलेला. हे 'वर अजून एक माळा असलेला' का सांगितलं ते पुढे येईल.

डिपॉझिटच्या बाबतीत नागपूर अजून माणसात आहे. इथे बहुतेक घरमालक एक किंवा दोन महिन्यांच्या किरायावर भागवतात. मुंबईहून बदलून आलेले लोक हे ऐकून दोनदा विचारतात. दलालाने घर दाखवलं तर साधारण एका महिन्याचा किराया त्याचा. पण या भागात अर्ध्याहून जास्त घरं दलालाकडे जातच नाहीत. फाटकाला पुठ्ठा टांगलेला असतो, 'रूम किरायाने देणे आहे, फक्त फॅमिली', खाली मोबाईल नंबर. एका रविवारी सकाळी पायी फिरा, किराणा दुकानदाराला आणि इस्त्रीवाल्याला विचारा. इस्त्रीवाल्याला कोणतं घर कधी रिकामं होणार हे घरमालकाच्या आधी माहीत असतं.

घर कधी बघायला जावं?

मे महिन्यात, दुपारी तीन वाजता. थट्टा करत नाही आहे.

२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. दर वर्षी तेवढं जात नाही, पण ४४-४५ ची सवय ठेवावी लागते. सकाळी नऊ वाजता सगळीच घरं थंड असतात, आणि घरमालक तुम्हाला सकाळीच बोलावतो. दुपारी जा आणि दोन गोष्टी करा. आधी पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावा. मग खुर्चीवर उभं राहून स्लॅबला हात लावा. शेवटच्या माळ्यावरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री एक-दीडपर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहतो. पंखा लावला तर तीच गरम हवा अंगावर. माझ्या दुसऱ्या घरात आम्ही रात्री गच्चीवर पाणी शिंपडायचो, चर्र असा आवाज यायचा आणि वाफ निघायची. किराया हजार रुपयांनी कमी होता, आणि ते हजार मी दोन महिन्यांत विजेच्या बिलात आणि झोपेत फेडले. म्हणून मधला माळा मिळत असेल तर पाच-सातशे जास्त द्या.

कूलर लावू देतात का?

हे घर ठरवायच्या आधी विचारायचं असतं, सामान टाकल्यावर नाही. खिडकीत कूलर बसवायचा तर ग्रिल कापावी लागते किंवा बाहेर लोखंडी स्टँड ठोकावं लागतं, आणि घरमालकाला भिंतीत खिळा ठोकलेला खपत नाही. आधीच्या किरायेदाराचं स्टँड असेल तर तुमचं नशीब.

दुसरं म्हणजे पाणी. कूलर दुपारी एकदा आणि झोपताना एकदा भरावा लागतो. नळ खाली आणि तुम्ही दुसऱ्या माळ्यावर असाल तर एप्रिल ते जून रोज बादल्या वाहाल. खिडकीपर्यंत पाईप येतो का, ते बघून घ्या.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. लोखंडी बॉडीचा कूलर, ओली फरशी आणि अर्थिंग नसलेलं जुनं वायरिंग, या तिघांनी नागपुरात दर उन्हाळ्यात माणसं मारली आहेत. घर घ्यायच्या आधी इलेक्ट्रिशियनला दोनशे रुपये द्या आणि थ्री-पिनच्या बोर्डाला खरंच अर्थिंग आहे का ते तपासून घ्या. पुष्कळ जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. आणि अर्थिंग असो-नसो, पाणी भरताना प्लग काढायचा. बटन बंद करून चालत नाही, प्लगच काढायचा. आमच्याकडे पोरांना शाळेत जायच्या आधी हे शिकवतात.

'लाईट बिल सबमीटरप्रमाणे' म्हणजे काय? परवडते का?

महावितरणचं मीटर घरमालकाचं एकच, तुमच्या खोलीला त्याने लावलेलं छोटं मीटर म्हणजे सबमीटर, आणि त्यावरच्या युनिटांचे पैसे तुम्ही त्याला द्यायचे. बहुतेक वेळा परवडत नाही. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण किरायात वाचवलेले पैसे सगळ्यात जास्त इथूनच गळतात.

महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे असतात: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यावर. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट. आता समजा, तुमच्या खोलीला स्वतःचं मीटर आहे आणि महिन्याला ९० युनिट लागले. तुमचे सगळेच्या सगळे युनिट स्वस्त टप्प्यात. पण मीटर घरमालकाचं एकच असेल, त्याचे २५० आणि तुमचे ९०, तर बिल येतं ३४० युनिटचं. स्वस्त १०० युनिट त्याच्या हिशेबात गेले, तुमचे ९० महागाच्या टप्प्यात पडले. वरून तो 'युनिटला बारा रुपये' असा सरळ भाव लावतो. थंडीत ही गोष्ट लक्षातही येत नाही. मे महिन्यात कळते. २०० वॅटचा कूलर रोज बारा तास चालला तर २.४ युनिट, म्हणजे महिन्याचे ७२ एकट्या कूलरचे. फ्रिज आणि दोन पंखे धरा.

माझ्या पहिल्या घरमालकाने सबमीटर जिन्याखाली, कोळ्याच्या जाळ्यांत लावलं होतं. रीडिंग तोच घ्यायचा, एका वहीत लिहायचा. एकदा मी टॉर्च मारून बघितलं तर वहीतला आकडा मीटरपेक्षा अठरा युनिटांनी पुढे होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "पुढच्या महिन्यात येईनच ना तेवढं." युक्तिवाद बिनतोड होता. तेव्हापासून मी दर एक तारखेला मीटरचा फोटो काढून घरमालकाच्या व्हॉट्सअॅपवर टाकते, काही न लिहिता. भांडण एकदाही झालं नाही.

तर क्रम असा धरा. वेगळं महावितरणचं मीटर असलेलं घर पहिलं. नसेल तर मालकाचं बिल दर महिन्याला डोळ्यांनी बघायचं आणि एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागून आपला वाटा द्यायचा, ही बोली आधीच करायची. 'बारा रुपये भाव' ऐकलात की किरायात दोन-चारशे कमी करायला सांगा.

पाण्याचं काय?

"नळ किती वाजता येते आणि मे महिन्यात किती वेळ चालते?" असं खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारा, मालकाला नको. शहराला पाणी पेंच आणि कन्हानचं येतं. शहरात चोवीस तास पाण्याच्या गोष्टी होतात, पण तुमच्या गल्लीच्या टोकाला धार कशी येते हे गल्लीच सांगेल. या भागातल्या जुन्या प्लॉटवर अंगणात विहीर असते. ती असली तर कूलर आणि धुण्याची चिंता मिटली. टाकीत पाणी चढवायचा टिल्लू पंप कोणाच्या मीटरवर आहे, तेही त्याच वेळी विचारून टाका.

स्टेशन जवळ म्हणजे गाड्यांचा आवाज येणारच. झोप लागते का?

गाडीच्या आवाजाची सवय पंधरा दिवसांत होते. हॉर्नची होत नाही. अजनीला इलेक्ट्रिक लोको शेड आहे, इंजिनांची ये-जा रात्रीही चालू असते, आणि रात्री दोनला इंजिनाने हॉर्न दिला की तान्हं मूल उठतंच. रुळांपासून दोन गल्ल्या आत घ्या, मध्ये घरांची एक रांग असली तरी पुष्कळ फरक पडतो. एफसीआयच्या (अन्न महामंडळाच्या) गोदामांच्या रस्त्यावर ट्रकही आहेत, तिकडे पोरं सायकलवर शाळेत पाठवायची असतील तर विचार करा.

बाकी आमच्याकडे आलेले पाहुणे पहिल्या रात्री जागतात आणि दुसऱ्या दिवशी विचारतात, तुम्हाला ऐकू येत नाही का? खरंच नाही येत.

माझी नोकरी वर्ध्याला आहे. अजनीला खोली घेऊन रोज अप-डाऊन केलं तर जमेल का?

जमतं, पुष्कळ मास्तर आणि बँकवाले असंच करतात. वर्धा इथून ऐंशीच्या आत किलोमीटर आहे, त्यामुळे एमएसटी, म्हणजे रेल्वेचा महिन्याचा पास, मिळते. पासची सर्वसाधारण मर्यादा १५० किलोमीटरची, म्हणून पुलगाव, धामणगावपर्यंतही जमतं. बडनेरा मात्र नागपूरहून १७० च्या पुढे जातं, तिथला पास इथून मिळत नाही. अमरावतीवाल्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

पासाबद्दल दोन चुका नेहमी होतात. सुपरफास्ट गाडीत चढायचं तर पासावर सुपरफास्टचा वेगळा अधिभार भरलेला असावा लागतो. आणि पास असला म्हणून रिझर्व्ह डब्यात बसता येत नाही, रेल्वेने पासवाल्यांसाठी मोकळे ठरवलेले डबे सोडून. 'पुढच्याच स्टेशनावर उतरतो ना साहेब' हे टीसीने तुमच्या जन्माआधीपासून ऐकलेलं आहे.

एक फायदा मात्र अजनीकरांनाच कळतो. वर्ध्याकडून येणारी गाडी नागपूरच्या आऊटरला (स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला) उभी राहिली की आतले लोक घड्याळ बघत बसतात. ती अजनीला थांबणारी असेल तर तुम्ही तोवर घरी पोचून चहा टाकलेला असतो. गाडी अजनीला थांबते का हे मात्र त्या-त्या गाडीचं बघून घ्या, सगळ्या थांबत नाहीत. पुण्याला जाणाऱ्यांची सोय वाढली आहे. अजनीहून पुण्याची वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली.

सीताबर्डी, मिहान, बुटीबोरीला कसं जायचं?

सीताबर्डीला मेट्रोने काँग्रेसनगरहून पुढचंच स्टेशन, तिथेच लोकमान्यनगरकडची आणि प्रजापतीनगरकडची अॅक्वा लाईन बदलून मिळते. खापरी ते सीताबर्डी हा पट्टा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला, पूर्ण पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये. मिहानला (विमानतळाजवळचा कंपन्यांचा भाग) जायचं तर मेट्रोने खापरीपर्यंत, पुढे कंपनीची गाडी असेल तर बरं. बुटीबोरीला रेल्वेही आहे पण शिफ्टच्या वेळा आणि गाडीच्या वेळा जुळत नाहीत. नवरा कंपनीच्या बसने जातो, ती वर्धा रोडवर थांबते. अडचण घरापासून वर्धा रोडपर्यंतची आहे. रुळांच्या पूर्वेकडून पश्चिमेला जायला पूल किंवा अंडरब्रिज लागतो. अजनीचा जुना पूल इंग्रजांच्या काळातला, सकाळी नऊला तिथे किती वेळ जाईल ते विचारू नका. नरेंद्रनगरच्या अंडरब्रिजखाली जोराचा पाऊस झाला की पाणी साचतं. घर बघताना मेट्रो स्टेशनपर्यंतचा रस्ता एकदा पायी आणि एकदा ऑटोने करून बघा, तेही कामाच्या वेळी.

रूळ ओलांडून शॉर्टकट आहे, सगळे जातात, तुम्हालाही कोणी दाखवेल. जाऊ नका. रेल्वे कायद्यात त्याला दंड आणि कैद दोन्ही आहे, पण मी त्यासाठी सांगत नाही. इंजिन उतारावर बंद आवाजात येतं तेव्हा कानाला कळतच नाही.

करारनामा शंभरच्या स्टॅम्पवर केला तर चालेल ना? सगळे तसाच करतात.

सगळे तसाच करायचे, खरं आहे. अकरा महिने लिहायचं, नोटरीचा शिक्का मारायचा, झालं. शंभरचा स्टॅम्प तर आता इतिहासजमा झाला, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराच्या जागी पाचशेचा लागतो. पण मुद्दा वेगळाच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे घर किरायाने देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची, आणि न केल्यास शिक्षा त्यालाच. शिवाय करार नोंदलेला नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं याबाबत, उलटं सिद्ध होईपर्यंत, किरायेदाराचं म्हणणं धरलं जातं. हे एक वाक्य मी घरमालकासमोर गोड आवाजात म्हणते आणि तो नोंदणीला तयार होतो.

खर्चही फार नाही. लीव्ह अँड लायसन्सला (अकरा महिन्यांचा करार बहुधा याच प्रकारचा असतो) मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के लागतं, मुदतीच्या एकूण किरायावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या वार्षिक १० टक्क्यांवर. समजा किराया सात हजार, अकरा महिने, डिपॉझिट चौदा हजार. किराया ७७,००० आणि डिपॉझिटवरचे तेराशेच्या आसपास, मिळून ७८ हजार तीनशे, त्याचं पाव टक्का दोनशेच्या आत. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. ऑनलाईन होतं, आधार आणि अंगठा लागतो, एजंट घरी मशीन घेऊन येतो आणि त्याचे वेगळे घेतो. खर्च अर्धा-अर्धा ही इथली रीत आहे. हा नोंदलेला कागद पुढे बँकेत, गॅसला, पोरांच्या शाळेत सगळीकडे चालतो.

मुदत संपल्यावर नवीन करार न करता तसंच राहू नका. कलम २४ नुसार मालक तेव्हा दुप्पट किराया मागू शकतो.

पोलिसांत माहिती द्यावी लागते का?

हो. मालक देतो, तुम्ही फोटो आणि आधार द्यायचं. पोलिसांच्या पोर्टलवरून होतं. मालक टाळत असेल तर तुम्हीच आठवण करा, अडचण आली तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जातो.

रेल्वे क्वार्टर स्वस्तात देतो म्हणून एकजण म्हणतोय. घ्यावं का?

नको. क्वार्टर त्याच्या नावावर, त्याला ते किरायाने द्यायचा हक्कच नाही. तपासणी झाली की त्याच्यावर कारवाई होते आणि तुमचं सामान रस्त्यावर येतं. डिपॉझिट मागायला कोणत्या तोंडाने जाल? झाडं, सावली, मोठं अंगण बघून जीव जातो, मला कळतं. रेल्वे, बस, मेट्रो एकाच जागी आणणाऱ्या इंटरमोडल स्टेशनसाठी ही झाडी, म्हणजे अजनी वन, जाणार होती तेव्हा ती वाचवायला लोकांनी आंदोलनही केलं. संध्याकाळी तिथून चालत जा, फुकट आहे.

घरमालक काय काय विचारतात?

माझ्या तिसऱ्या घराच्या वेळचा संवाद जसाच्या तसा देते. काकू झोपाळ्यावर, मी उभी.

"गाव कोणतं?"
"पुलगाव, काकू."
"पुलगावात कोण्या भागात?"
भाग सांगितला.
"आडनाव?"
आडनाव सांगितलं.
"माहेरचं?"
तेही सांगितलं.
"अंडे-गिंडे चालते का तुमच्यात?"
"कधीमधी."
"बाहेर खाल्लं तर मले काही म्हणणं नाही. पाव्हणे किती येईन?"

गाव, भाग, माहेर हे सगळं कशासाठी विचारतात ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. फोनवर आडनाव ऐकून 'रूम लागली' सांगणारे आणि दुसऱ्या दिवशी तीच पाटी ठेवणारे घरमालक या शहरात आहेत. माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीला धंतोलीच्या बाजूने चार घरांनी असं सांगितलं, शेवटी तिने चंद्रमणीनगरात घर घेतलं आणि ती आता तिथून हलायला तयार नाही. पूर्वेच्या या वस्त्यांत बौद्ध समाज मोठा आहे, दीक्षाभूमी जवळ आहे, आणि इथले बरेच घरमालक हे असले प्रश्न विचारत नाहीत. हेही घराच्या किमतीत धरा.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला फार गर्दी होते का?

होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला अशोक विजयादशमीच्या दिवशी बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा दिली, त्या दिवसासाठी दसऱ्याच्या आसपास लाखो लोक येतात. अजनीपर्यंतही खास गाड्या येतात. दोन-तीन दिवस ऑटो मिळत नाही, रस्ते वळवलेले असतात, सुट्टी घेऊन टाका. गल्लीगल्लीत भोजनदानाचे मांडव लागतात, तिथे पाणी वाटायला हात कमीच पडतात.

एकट्या मुलीला राहता येईल का?

येईल, मेडिकलमुळे इथे नर्सिंगच्या आणि डॉक्टरकीच्या मुली शेकड्यांनी राहतात, खाणावळी आणि डबेवाल्या बायका पुष्कळ आहेत. मेडिकल चौकाच्या आसपास रात्रीही माणसं असतात, औषधांची दुकानं उघडी असतात. रेल्वे कॉलनीतून मात्र रात्री एकटीने पायी येऊ नका, झाडीमुळे दिवे असूनही अंधार असतो. घरमालकाची 'दहाच्या आत' ही अट नाईट ड्युटीवालीला जमत नाही, ती आधीच बोलून घ्या आणि शक्य तर करारात लिहून घ्या. तोंडी 'चालते ना बेटा' म्हणणारे काका डिसेंबरात फाटकाला आतून कुलूप लावतात.

गॅस सिलिंडरचं काय करायचं?

जुनं कनेक्शन ट्रान्सफर करा. तोवर पाच किलोचं छोटं सिलिंडर मिळतं, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही.

मालकाने भांडून लाईट-पाणी तोडलं तर?

योग्य आणि पुरेशा कारणाशिवाय त्याला तसं करता येत नाही. त्याच भाडे कायद्याच्या कलम २९ मध्ये आहे. नळ-वीज तोडलेलं दिसलं की आधी फोटो आणि व्हिडिओ, मग लेखी मागणी, मग कोर्ट. बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीवरच नळ सुरू होतो.

स्टेशनचं नूतनीकरण चालू आहे. किराया वाढेल का?

अजनी स्टेशनच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन ११ डिसेंबर २०२२ ला झालं, खर्च ३६० कोटींच्या आसपास सांगितला होता. तेव्हापासून प्रत्येक घरमालक 'स्टेशन बनून राहिलं ना' म्हणून पाचशे वाढवतो. धूळ मात्र तुमच्या कूलरच्या ताट्यांत बसते. वाढ किती आणि कधी, हे करारात आकड्यात लिहून घ्या. अकरा महिन्यांनी पाच टक्के ही बोली इथे पुष्कळ जण मान्य करतात.

घर सोडताना डिपॉझिट पूर्ण परत मिळतं का?

राहायला आलात त्या दिवशी, सामान आत यायच्या आधी, सगळ्या भिंतींचा, नळांचा, फरशीच्या तड्यांचा मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि मालकाला पाठवून ठेवा. मी दुसऱ्या घराच्या वेळी काढला नव्हता. सोडताना मालकाने रंगाचे दोन हजार कापले, खिडकीजवळच्या चार खिळ्यांसाठी. ते खिळे आधीच्या किरायेदाराच्या कूलर स्टँडचे होते, आणि मी तीन उन्हाळे त्यांनाच कूलर टांगला होता. मी गप्प बसले, कारण खिळे माझे नाहीत हे दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. चावी देताना मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो मात्र काढला, आणि निघताना कूलरचं स्टँड काढून सोबत नेलं. ते आताच्या घराच्या खिडकीला बरोबर बसतं.